लॅपटॉपचा प्रोसेसर बदलताय? आधी बायोस, मग स्क्रूड्रायव्हर

साताऱ्या-सांगलीत जुने ऑफिसचे लॅपटॉप भरपूर आहेत. थिंकपॅड टी४२०, टी४३०, डेल लॅटिट्यूड ई६४२०, ई६४३० अशी यंत्रं कॉलेजच्या मुलांकडे, टॅलीच्या टेबलावर, अडत दुकानांत अजून रोज चालतात. त्यांत आय३ काढून आय५ किंवा आय७ टाकता येतो, हे खरं आहे. पण हे काम फसतं ते बहुतेक वेळा स्क्रू फिरवताना नाही, तर त्याच्या आधी. चुकीची चिप मागवली जाते, बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) जुनाच राहतो, किंवा अ‍ॅडॉप्टर पुरत नाही. म्हणून या लेखातल्या पहिल्या चार पायऱ्यांत लॅपटॉप उघडायचाच नाही. त्या गाळून थेट पाचवीवर येऊ नका.

पायरी १ : तुमचा प्रोसेसर निघणारा आहे का?

लॅपटॉपचे प्रोसेसर दोन प्रकारे बसवलेले असतात. एक सॉकेटमध्ये, म्हणजे चिपला खाली पिना असतात, लॉक फिरवलं की चिप हातात येते. दुसरा प्रकार बोर्डावर थेट झाळलेला, त्याला बीजीए म्हणतात. झाळलेला प्रोसेसर घरी बदलता येत नाही. त्यासाठी बीजीए मशीन, नव्या सोल्डर बॉल आणि निष्णात हात लागतो, आणि तेवढं करूनही जुन्या लॅपटॉपवर तो खर्च वसूल होत नाही.

इंटेलच्या बाबतीत साधा नियम लक्षात ठेवा. पाचव्या पिढीपासून पुढे (आय५-३२१०एम मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी) लॅपटॉपचे सगळेच प्रोसेसर झाळलेले आहेत. (काही जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपचा प्रोसेसर बसवलेला असतो, ते प्रकरण वेगळं.) चौथ्या पिढीपर्यंतच्या चिपचं नाव कशाने संपतं ते बघा:

- शेवटी यू, वाय किंवा एचक्यू असेल तर झाळलेला. विषय इथेच संपला.
- शेवटी एम, क्यूएम किंवा एमक्यू असेल तर सॉकेटचा असण्याची शक्यता आहे.

«शक्यता» असं मुद्दाम लिहिलं आहे. आय३-३११०एम, आय५-३२१०एम यांसारख्या चिपा इंटेलने दोन्ही रूपांत काढल्या. नाव तेच, पण एका लॅपटॉपमध्ये सॉकेटवर आणि दुसऱ्यात झाळलेली. म्हणून नावावर विसंबू नका. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि पहिल्याच पानावरची «पॅकेज» ही ओळ वाचा. तिथे «आरपीजीए» दिसलं तर सॉकेट आहे, «बीजीए» दिसलं तर नाही.

एएमडीच्या जुन्या ए-मालिकेतही सॉकेटचे प्रोसेसर आहेत, पण तिथे एफएस१ आणि एफएस१आर२ हे दोन सॉकेट वेगळे आहेत. एकातला प्रोसेसर दुसऱ्याच्या जागी मागवू नका. पुढचा लेख इंटेलच्या यंत्रांवर आहे. हाताच्या कामाचा भाग दोन्हीकडे सारखाच.

थांबा आणि विचार करा. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, तर प्रोसेसर बदलून वेग वाढल्यासारखा वाटणारच नाही. आधी एसएसडी, मग ८ जीबी रॅम, मग प्रोसेसर, हाच क्रम योग्य. दुसरं म्हणजे, हे सगळं विंडोज ११ साठी करत असाल तर नका करू. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, आणि सॉकेटचे लॅपटॉप चौथ्या पिढीवरच थांबलेत. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, तेही हिशेबात धरा. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण नाही.

पायरी २ : नेमका कोणता प्रोसेसर बसेल?

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. चिप सॉकेटमध्ये बसली म्हणजे लॅपटॉप सुरू होईल असं नाही. चार गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्या याच क्रमाने तपासायच्या.

*पिढी आणि सॉकेट.* पहिल्या पिढीचा सॉकेट जी१, दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचा जी२, चौथ्या पिढीचा जी३. जी१ आणि जी२ दोन्हींना ९८८ पिना आहेत, म्हणून विकणारा «९८८ पिनचा आहे, बसेल» म्हणतो. बसत नाही. पिनांची मांडणी वेगळी आहे.

*चिपसेट.* म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप. दुसऱ्या पिढीचे लॅपटॉप बहुधा एचएम६५ किंवा क्यूएम६७ चिपसेटवर आहेत, तिसऱ्या पिढीचे एचएम७६, एचएम७७ किंवा क्यूएम७७ वर. सातच्या मालिकेतले बहुतेक चिपसेट दोन्ही पिढ्या चालवतात. सहाच्या मालिकेवर तिसरी पिढी चालवायची तर लॅपटॉपच्या कंपनीने तसा बायोस काढलेला हवा, आणि बहुतेकांनी तो काढलाच नाही. म्हणूनच टी४२० मध्ये कंपनीच्या बायोसवर तिसऱ्या पिढीची चिप चालत नाही. टी४३० मध्ये चालते. दोन्ही यंत्रं बाहेरून जवळपास भावंडं दिसतात.

सावधान : एचएम७०. स्वस्तातल्या काही सेलेरॉन-पेंटियम लॅपटॉपमध्ये एचएम७० नावाचा चिपसेट असतो. त्यावर आय३, आय५ किंवा आय७ बसवला तर लॅपटॉप सुरू होतो, बायोस चिपचं नाव बरोबर दाखवतो, सगळं नीट चालतं आणि अर्ध्या तासाने यंत्र बंद पडतं. पुन्हा सुरू करा, पुन्हा अर्धा तास. लोक थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात तो लेप) बदलतात, पंखा बदलतात, पण दोष उष्णतेचा नसतोच. ती चिपसेटमध्येच घातलेली अट आहे आणि तिला घरगुती उपाय नाही. चिपसेटचं नाव सीपीयू-झेडच्या «मेनबोर्ड» पानावर दिसतं. ते बघितल्याशिवाय चिप मागवू नका.

*वॅट.* चिपच्या नावापुढे ३५, ३७, ४५ किंवा ४७ वॅट असा आकडा असतो. तुमच्या हीटसिंकला (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता पंख्याकडे नेणारा धातूचा भाग) तेवढी उष्णता बाहेर टाकता आली पाहिजे. दोन कोरचा ३५ वॅटचा प्रोसेसर काढून तिथे चार कोरचा ४५ वॅटचा टाकला, तर एका तांब्याच्या नळीचा छोटा हीटसिंक पुरत नाही. तिसऱ्या पिढीत आय७-३६१२क्यूएम आणि आय७-३६३२क्यूएम हे चार कोरचे असूनही ३५ वॅटचे आहेत. चौथ्या पिढीत आय७-४७०२एमक्यू आणि आय७-४७१२एमक्यू ३७ वॅटचे. मूळ हीटसिंक ठेवून चार कोर हवे असतील तर हेच शोधा. आय७-३६३०क्यूएम हे नाव फक्त एका आकड्याने वेगळं आहे, पण तो ४५ वॅटचा आहे. ऑर्डर देताना आकडा दोनदा वाचा.

*अ‍ॅडॉप्टर.* ६५ वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर ४५ वॅटचा प्रोसेसर, स्क्रीन, डिस्क आणि चार्ज होणारी बॅटरी एकदम ओढली जात नाहीत. मग लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. चार कोर घेत असाल तर त्याच कंपनीचा ९० वॅटचा अ‍ॅडॉप्टर धरूनच हिशेब करा.

या चारही गोष्टी एका फटक्यात तपासायचा मार्ग म्हणजे कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल. ती कंपनीच्या साइटवर मोफत मिळते आणि तिच्यात त्या मॉडेलबरोबर कोणकोणते प्रोसेसर विकले गेले ते दिलेलं असतं. यादीतली चिप घेतली तर धोका जवळजवळ शून्य. यादीबाहेरचीही चालू शकते, पण मग जबाबदारी तुमची.

आता नावातली फसगत. आय७ म्हणजे चार कोर, हा समज या काळातल्या लॅपटॉपना लागू नाही. आय७-३५२०एम मध्ये दोनच कोर आहेत, आय५-३३२०एम मध्येही दोनच. फरक वेगात आहे. आय५ २.६ गिगाहर्ट्झवरून ३.३ पर्यंत जातो, आय७ २.९ वरून ३.६ पर्यंत. आय३-३११०एम मात्र २.४ वरच राहतो, त्याला टर्बो, म्हणजे गरजेला वेग आपोआप वाढवायची सोय, नाही. त्यामुळे टॅली, एक्सेल, ब्राउझर, ऑटोकॅडचं साधं ड्रॉइंग एवढंच काम असेल तर आय३ वरून आय५-३३२०एम ही उडी पैशाच्या मानाने सगळ्यात चांगली. व्हिडिओ रेंडरिंग, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं, एकाच वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, असं काम असेल तरच चार कोरचा आग्रह धरा.

पायरी ३ : चिप हातात आल्यावर तपासा

या चिपा आता नव्या मिळत नाहीत. पुणे-मुंबईहून किंवा ऑनलाइन येतात त्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या असतात. पार्सल उघडलं की लगेच, परत करायची मुदत असतानाच, एवढं बघा:

चिप कडांना धरून उलटी करा आणि डोळ्याच्या पातळीवर आडवी धरून उजेडात पिनांच्या रांगा बघा. सगळ्या रांगा सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत. एखादी पिन जरा वाकलेली असेल तर शिसं काढलेल्या ०.७ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक तिच्यावर अडकवून हळूच सरळ करता येते. तुटलेली असेल तर चिप परत पाठवा. वरच्या बाजूला मध्ये जो चकचकीत आयत आहे तो म्हणजे उघडी सिलिकॉनची वडी, तिला डाय म्हणतात. डेस्कटॉपच्या चिपसारखं त्यावर धातूचं झाकण नसतं. तिचे चार कोपरे नखाएवढ्या जागेत बघायचे असतात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. कोपऱ्याचा टवका उडालेला असेल तर घेऊ नका.

चिपवर पाच अक्षरांचा कोड छापलेला असतो. दुसऱ्या ते चौथ्या पिढीत विक्रीच्या चिपांवर तो «एसआर» ने सुरू होतो. कोड «क्यू» ने सुरू होत असेल किंवा चिपवर «इंटेल कॉन्फिडेन्शियल» लिहिलेलं असेल, तर ती कारखान्यातली चाचणीची चिप आहे. स्वस्त मिळते, पण अनेक लॅपटॉपचा बायोस तिला ओळखत नाही.

पायरी ४ : जुना प्रोसेसर आत असतानाच करायची कामं

क्रम चुकला की सगळ्यात महागात पडणारी पायरी हीच. नवी चिप ओळखण्याची माहिती बायोसमध्ये असते. बायोस जुना असेल आणि तुम्ही चिप आधीच बदलली, तर स्क्रीन काळी राहते आणि बायोस अपडेट करायला लॅपटॉप सुरूच होत नाही. मग पुन्हा सगळं खोलून जुनी चिप बसवावी लागते.

१. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं संरक्षण) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. नाहीतर चिप बदलल्यावर विंडोज तो ४८ अंकी आकडा मागत बसेल.

३. बायोस कंपनीच्या साइटवरून, नेमक्या तुमच्या मॉडेलचा घ्या. अपडेट करताना अ‍ॅडॉप्टर लावलेला आणि बॅटरी चार्ज असलेली हवी. या वयाच्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेकदा मेलेली असते आणि मग अपडेटचा प्रोग्रॅम नकार देतो. तो नकार जबरदस्तीने टाळायच्या युक्त्या नेटवर सापडतात, त्या करू नका. त्याच मॉडेलची बॅटरी कुणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा. तुमच्या भागात महावितरणची देखभाल ज्या वारी असते तो दिवस आणि वळवाच्या पावसाची संध्याकाळ टाळा. अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्ड उभा राहत नाही.

४. अपडेटनंतर एकदा विंडोज पूर्ण सुरू होऊ द्या. सेटअपमध्ये जाऊन बायोसची नवी आवृत्ती दिसते का बघा.

५. आता एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून जुन्या चिपचं तापमान लिहून ठेवा. मोकळं असताना किती, दहा मिनिटं पूर्ण भार (पायरी ११ मधल्या प्राइम९५ ने) दिल्यावर किती, आणि खोलीत तेव्हा किती अंश होते. हे तीन आकडे शेवटच्या पायरीत लागणार आहेत.

तपासणी : बायोस नवा, फायली बाहेर, तीन आकडे कागदावर. यातलं काही राहिलं असेल तर लॅपटॉप उघडू नका.

पायरी ५ : साहित्य आणि जागा

फिलिप्सचे ०० आणि ० नंबरचे स्क्रूड्रायव्हर, सॉकेटच्या लॉकसाठी ३ मिलिमीटरचा चपटा स्क्रूड्रायव्हर, झाकण उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉफी फिल्टर किंवा धागे न सुटणारं कापड, मऊ ब्रश, आणि चांगल्या कंपनीची थर्मल पेस्ट. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ चालेल. सुट्या डबीतली पांढरी पेस्ट ट्रान्झिस्टरसाठी ठीक आहे, लॅपटॉपच्या उघड्या डायवर ती लवकर सुकते.

सावधान : अल्कोहोलऐवजी हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते मागे राहतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच.

स्क्रूंसाठी पुठ्ठ्यावर लॅपटॉपची बाहेरची रेघ काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवा. मिसळणाच्या डब्याच्या वाट्याही चालतात, पण पुठ्ठा बरा, कारण त्यात लांबीची चूक होत नाही. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो पामरेस्टमधून (कीबोर्डपुढची तळहात टेकायची जागा) वर येतो किंवा बोर्डाला टोचतो.

काम लाकडी टेबलावर करा. त्यावर सुती चादर नको, सतरंजी नको. हिवाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या कोरड्या थंडीत, स्वेटर काढून बसा. लोकरीने अंगात स्थिर वीज साठते. दर थोड्या वेळाने एखाद्या मोठ्या, रंग न दिलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा.

पायरी ६ : वीज तोडणं आणि उघडणं

काम सुरू करायच्या आधी दहा मिनिटं लॅपटॉप चालवून गरम करा. सुकलेली पेस्ट त्याने जरा सैल होते. मग शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा, म्हणजे तो अर्धवट झोपत नाही, खरा बंद होतो. अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी काढा, आणि पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते.

उघडायची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी. लॅटिट्यूड ई६४३० मध्ये खालचं एकच मोठं झाकण काढलं की हीटसिंक समोर येतो. टी४३० मध्ये उलट, कीबोर्ड आणि पामरेस्ट काढून वरून पोचावं लागतं. सर्व्हिस मॅन्युअलमधला क्रम समोर ठेवा.

रिबन केबल ओढून काढायच्या नसतात. कनेक्टरला पातळ पट्टी असते, ती नखाने उभी केली की केबल आपोआप सैल होते. ही पट्टी तुटली तर केबल धरून राहत नाही आणि ती सुटी मिळत नाही. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

पुराच्या यंत्रांबद्दल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-मिरजेत, कृष्णाकाठच्या गावांत भिजलेले आणि नंतर वाळवून चालू केलेले लॅपटॉप अजून बाजारात फिरतात. उघडल्यावर कनेक्टरच्या कोपऱ्यात गाळाची बारीक पूड किंवा सॉकेटजवळ हिरवट-पांढरा थर दिसला, तर तिथेच थांबा. सॉकेटच्या छिद्रांत गंज असेल तर जुनी चिप एकदा काढल्यावर तीसुद्धा पुन्हा नीट पकड घेईलच याची खात्री नाही.

पायरी ७ : हीटसिंक काढणं

आधी पंख्याची वायर बोर्डावरून सोडवा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रम, ४ पासून १ कडे, आणि प्रत्येक स्क्रू एका वेळी एकच फेरा सैल करायचा. एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे गेलात, तर हीटसिंक तिरका होतो आणि सगळा दाब डायच्या एका कोपऱ्यावर येतो. कोपऱ्याचा टवका उडतो तो इथेच. हे स्क्रू पूर्ण निघत नाहीत, स्प्रिंगसकट हीटसिंकलाच राहतात. म्हणून निघत नाहीत म्हणून ओढू नका.

मग हीटसिंक सरळ वर न ओढता आडवाच डावी-उजवीकडे किंचित हलवा. पेस्ट सुटली की तो अलगद येतो. तांब्याच्या नळीला धरून उचलू नका, नळी आतून पोकळ असते आणि दबली की तिचं काम संपतं.

ग्राफिक्सची वेगळी चिप असलेल्या मॉडेलमध्ये हीटसिंकखाली राखाडी किंवा निळ्या मऊ चकत्या असतात. या थर्मल पॅडची जागा आणि जाडी लिहून ठेवा. फाटल्या तर त्याच जाडीच्या आणा, बहुधा ०.५ किंवा १ मिलिमीटर. जास्त जाड पॅड टाकला तर हीटसिंक उचलला जातो आणि प्रोसेसरच्या डायला टेकतच नाही. पॅडच्या जागी पेस्टही चालत नाही, तेवढी फट पेस्टने भरून निघत नाही.

पायरी ८ : चिप बदलणं

ज्या कामासाठी सगळा खटाटोप, ते दोन मिनिटांचं आहे.

१. सॉकेटच्या कडेला मोठा चपट्या खाचेचा स्क्रू दिसेल. शेजारी उघड्या आणि बंद कुलपाची चित्रं असतात. स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा. तो थांबतो, तिथेच थांबा. तो आट्यांचा स्क्रू नाही, आणखी फिरवला तर सॉकेट मोडतो.

२. जुनी चिप कडांना धरून सरळ वर उचला. अडकली तर लॉक पूर्ण उघडलं नाही. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटू नका.

३. चिपच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण आहे, तसाच सॉकेटवरही आहे. दोन्ही जुळवा आणि चिप हातातून नुसती सोडा. बरोबर असेल तर ती स्वतःच्या वजनाने चपखल बसते. बोटाने दाबून बसवावी लागत असेल तर ती बरोबर नाही. उचला, पिना बघा, पुन्हा ठेवा.

४. एका बोटाने चिपच्या हिरव्या कडेवर, डायवर नाही, हलकं टेकवून धरा आणि लॉक घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा बंद करा. फिरताना थोडा जोर लागतो, तो लागायलाच हवा.

तपासणी : चारही बाजूंनी चिप आणि सॉकेट यांतली फट सारखी आहे का बघा. लॉक बंद करायचं विसरणं ही या पायरीतली नेहमीची चूक आहे. चिप जागेवर दिसते, हीटसिंक बसतो, आणि स्क्रीन काळी राहते.

पायरी ९ : सफाई, पेस्ट, हीटसिंक

पंखा आणि जाळी साफ न करता नवा प्रोसेसर झाकू नका. पंख्याच्या तोंडाशी, जाळीच्या पातळ पट्ट्यांच्या आत, धुळीचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट आणखी आत घट्ट बसतो. पंख्याचे चार स्क्रू काढून तो थर चिमट्याने उचलावा लागतो, पट्टीसारखा अख्खा निघतो. सांगलीच्या हळद बाजारात वापरलेल्या लॅपटॉपमध्ये तो चक्क पिवळा निघतो, आणि कारखान्याच्या हंगामात वाळवा-कराड भागात काजळीने काळा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं वेगाने फिरून बेअरिंग जातं.

डाय आणि हीटसिंकची तांब्याची चौकट अल्कोहोलने पुसा, कापडावर राखाडी डाग उठेनासा होईपर्यंत. दोन मिनिटं सुकू द्या. मग डायच्या मध्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा. उघड्या डायवर ती प्लॅस्टिकच्या पट्टीने पातळ पसरून घेतली तर अधिक चांगलं, कारण इथे कोपराही कोरडा राहून चालत नाही. थर इतका पातळ हवा की खालची चकाकी जेमतेम झाकली जाईल. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

हीटसिंक सरळ वरून ठेवा, घासत सरकवू नका. स्क्रू आता १ पासून ४ कडे, प्रत्येकी एक-एक फेरा, थांबेपर्यंत. पंख्याची वायर लावा. लावली ना? पुन्हा बघा.

पायरी १० : सगळं बंद करण्याआधी पहिली सुरुवात

कीबोर्ड, रॅम, पंखा जोडून, झाकणाचे स्क्रू न लावताच लॅपटॉप सुरू करा. बोर्डाला कुठलाही सुटा स्क्रू टेकलेला नाही ना, ते बघा. पहिल्यांदा स्क्रीन यायला अर्धा-एक मिनिट लागू शकतं, एकदोनदा आपोआप बंद-चालूही होतो. घाबरून लगेच बटण दाबू नका. थेट बायोस सेटअपमध्ये जा आणि प्रोसेसरचं नाव वाचा.

बिघडलं तर असं शोधा:

- काहीच हालचाल नाही, दिवाही नाही : पॉवर बटणाची रिबन किंवा बॅटरी नीट बसलेली नाही.
- पंखा फिरतो, स्क्रीन काळी : आधी रॅम काढून पुन्हा बसवा, मग सॉकेटचं लॉक, मग वाकलेली पिन. हे सगळं ठीक असेल तर जुनी चिप टाकून बघा. तिच्यावर चालत असेल तर बायोस नव्या चिपला ओळखत नाही किंवा नवी चिपच खराब आहे.
- दहा-वीस सेकंदांत बंद : पंख्याची वायर राहिली, किंवा हीटसिंक डायला टेकलेला नाही. पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका.
- बरोबर अर्ध्या तासाने बंद : पायरी २ मधला एचएम७०.
- चालतो, पण वेग ८०० मेगाहर्ट्झ किंवा १.२ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही : अ‍ॅडॉप्टर. डेलच्या प्लगमध्ये मधोमध बारीक पिन असते, ती वाकली किंवा अ‍ॅडॉप्टर नकली असला तर लॅपटॉप त्याला ओळखत नाही आणि वेग बांधून ठेवतो.

पायरी ११ : उष्णतेची चाचणी आणि उन्हाळ्याचा हिशेब

झाकण पूर्ण बंद करा, कारण हवेचा मार्ग झाकणामुळेच तयार होतो. एचडब्ल्यूइन्फो एका बाजूला चालू ठेवून प्राइम९५ किंवा तत्सम प्रोग्रॅमने वीस मिनिटं पूर्ण भार द्या. या आय५-आय७ चिपांची कमाल मर्यादा बहुधा १०० ते १०५ अंशांची असते, तिथे पोचल्या की त्या स्वतःचा वेग कमी करतात. पूर्ण भाराला ९० च्या आत राहिलं तर काम चांगलं झालं. चार कोरची चिप टाकली असेल तर ती जुनीपेक्षा थोडी गरम राहणारच.

आता पायरी ४ मधले जुन्या चिपचे ते तीन आकडे काढा आणि नव्या चिपचे त्यांच्याशेजारी लिहून ताडून बघा. डिसेंबरात सकाळी चाचणी करून «८० अंश, उत्तम» म्हणणारे एप्रिलमध्ये अडकतात. खोलीचं तापमान आणि चिपचं तापमान यांतला फरक साधारण तेवढाच राहतो. खोलीत २२ असताना चिप ८० वर गेली, म्हणजे फरक ५८. सांगलीत एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या दुकानात ३८ असतात. ३८ अधिक ५८, म्हणजे ९६. ९० च्या बरंच वर आणि कमाल मर्यादेच्या अगदी जवळ. म्हणून थंडीत चाचणी करत असाल तर ७२-७४ च्या वर गेलं की पेस्ट आणि स्क्रूंचा दाब पुन्हा तपासा. दोन कोरांच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक दिसत असेल तर हीटसिंक तिरका बसला आहे किंवा पेस्ट एका बाजूला गेली आहे. खोलून पुन्हा लावा, आणि पुन्हा लावताना जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवीच घ्या.

सगळं ठीक असेल तर बिटलॉकर परत चालू करा, आणि आठवडाभर रोजच्या कामात तापमानावर नजर ठेवा. काढलेला जुना प्रोसेसर नव्याच्याच डबीत, पिना फोममध्ये रुतवून ठेवा आणि डबीवर लॅपटॉपचं मॉडेल लिहा. उद्या स्क्रीन काळी पडली, तर दोष चिपचा की बोर्डाचा हे पाच मिनिटांत सांगणारी वस्तू तीच आहे.